केसपेपरवर नाव कुणाचे?

माझी लेक आणि जावई गेली अकरा वर्षे ओमान देशात बौशर येथे राहतात. मस्कतचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले असते, बौशरचे ऐकलेले असण्याचे कारण नाही. मस्कत प्रांताच्या सहा विलायती आहेत, त्यांतली ही एक. विलायत म्हणजे आपल्याकडचा तालुका समजावा. पहिल्या खेपेस आले तेव्हा मी अश्दोदच्या धाकट्या बहिणीस "सध्या विलायतेत आहे" असे कळवले, तर तिने उलट विचारले की लंडनला थंडी कितपत आहे! घुब्रा, खुवैर, अजैबा, घला ह्या गजबजलेल्या वस्त्या सगळ्या बौशरमध्येच मोडतात. १९८७ साली सुरू झालेले रॉयल हॉस्पिटल इथेच आणि २००१ साली उघडलेली सुलतान काबूस ह्यांच्या नावाची मोठी मशीदही इथेच. जुने बौशर गाव मात्र आत, उघड्याबोडक्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे. तिथे खजुरीच्या बागा आहेत, बागांना पाणी पुरवणारे पाट आहेत (त्यांना इथे फलज म्हणतात), आणि जवळच वाळूच्या उंच टेकड्या आहेत, ज्यांवर तरुण पोरे संध्याकाळी मोटारी चढवीत आणि उतरवीत असतात. पाहताना आपल्याच पोटात गोळा येतो.

ह्या गावी माझ्या घरच्या माणसांवर जो प्रसंग आला तो लिहावा की न लिहावा, ह्या विचारात वर्ष गेले. लेकीने लिहायला सांगितले. जावयांनी दोन दिवस विचार करून हो म्हटले. नातवाने सांगितले, "आजी, माझे नाव नको, बाकी काय ते लिही." म्हणून मी कुणाचेच नाव घालीत नाही.

नातू तेव्हा चौदा वर्षांचा होता. इथल्या भारतीय शाळेत नववीत. अभ्यासात बरा, क्रिकेटमध्ये फारच बरा. जावयांचे काम दुक्म येथे असते. दुक्म हे दक्षिणेकडचे नवे बंदर, बौशरहून पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. आठवडाभर तिथल्या कॅम्पात राहायचे, गुरुवारी रात्री घरी यायचे आणि शनिवारी दुपारी पुन्हा निघायचे. ओमानात २०१३ सालापासून शुक्रवार-शनिवार अशी सुट्टी असते. त्याआधी गुरुवार-शुक्रवार असे. "आपला शब्बाथ सरकारी खर्चाने पाळला जातो," असे जावई गमतीने म्हणत. त्या वर्षी मी तीन महिन्यांच्या व्हिसावर गेले तेव्हा मात्र ते काही म्हणत नव्हते. जेवायचे, टीव्ही लावायचे, झोपायचे.

मी गेले त्याच आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी पोराच्या पोटात दुखू लागले. घाम फुटला, पाय पोटाशी घेऊन तो पडून राहिला. लेक म्हणाली, असे दोन-तीन महिने चालले आहे. मग दवाखान्यांची रांग लागली. रक्त तपासले, लघवी तपासली, सोनोग्राफी झाली, शेवटी घशातून दुर्बीण घालूनही पाहिले. काही निघाले नाही. ह्या सगळ्याचा खर्च चारशे रियालांच्या घरात गेला. एक ओमानी रियाल म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या आसपास, तेव्हा हिशेब वाचकांनीच करावा. पण जावयांच्या कंपनीचा विमा असल्यामुळे आमच्या खिशातून दर वेळी थोडा वाटा तेवढा गेला. विमा कंपनीने एकही प्रश्न विचारला नाही.

मी कामगार राज्य विमा योजनेच्या कचेरीत बत्तीस वर्षे कारकून होते. कारकुनाची सवय सुटत नाही. पोराला कधी दुखले, काय खाल्ले होते, किती वेळ दुखले, हे मी वहीत लिहीत असे आणि लेकीकडून मागच्या तारखाही काढून घेतल्या होत्या. मुलांचे डॉक्टर वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून माझी वही मागितली. मग टेबलावरचे कॅलेंडर ओढून घेतले आणि एकेका तारखेवर बोट ठेवू लागले. सगळे गुरुवार. एक तेवढा मंगळवार होता, आणि तो दिवस जावई अचानक घरी आले होते तो.

डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी एका मानसोपचारतज्ज्ञाचे नाव लिहून दिले. त्या तज्ज्ञांनी पोराशी तासभर गप्पा मारल्या आणि बाहेर येऊन लेकीला सांगितले, "मुलाचे दुखणे खरे आहे, तो ढोंग करीत नाही. पण ह्याला एकट्याला माझ्याकडे पाठवून उपयोग व्हायचा नाही. सगळे घर घेऊन फॅमिली थेरपिस्टकडे जा." फॅमिली थेरपिस्ट म्हणजे सबंध कुटुंबाला समोर बसवून त्यांच्या आपसांतल्या वागण्यावर उपचार करणारी व्यक्ती. लेकीने घुब्रा-खुवैर पालथे घालून एक बाई शोधून काढल्या. केरळच्या, वयाने चाळिशीच्या, हिंदी-इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या. एका बैठकीचे तीस रियाल, आणि किमान बारा बैठका लागतील असा त्यांचा अंदाज.

इथे विम्याची गाडी अडली. विमा कंपनीचे दोन ओळींचे उत्तर आले की कौटुंबिक समुपदेशन पॉलिसीत बसत नाही. रुग्ण कोण आणि त्याचे निदान काय, हे मानसोपचारतज्ज्ञाने लिहून दिल्यास विचार करता येईल.

वाचकांपैकी कुणी विचारील की सरकारी सोय नाही काय? आहे, पण ती मुख्यतः ओमानी नागरिकांसाठी. नागरिकाला सरकारी दवाखान्यात जवळजवळ फुकट उपचार मिळतात. मनोविकारांचे मोठे सरकारी इस्पितळ अल् अमिरात येथे आहे, त्याचे नाव अल् मसर्रा, म्हणजे आनंद. असे नाव आपल्याकडे कुणाला सुचले नाही, आपण ‘ठाण्याचे’ म्हटले की लोक काय समजायचे ते समजतात आणि आम्ही ठाणेकर ते जन्मभर ऐकून घेतो. असो. खाजगी कंपनीत नोकरी करणारा परदेशी माणूस मालकाने घेतलेल्या पॉलिसीवर अवलंबून असतो. २०१९ साली तिथल्या भांडवल बाजार प्राधिकरणाने आरोग्य विम्याच्या पॉलिसीचा एक समान नमुना ठरवून दिला आणि त्यामुळे शिस्त आली. पण समान नमुना झाला तरी पॉलिसी ही माणसाची असते, घराची नसते.

त्या दोन ओळी वाचून मला राग यायला हवा होता. खरे सांगायचे तर मला त्या कारकुनाची कीव आली, कारण त्याच्या जागी मी बत्तीस वर्षे बसले होते. आमच्याकडे नवा कामगार विम्यात नोंदवला गेला की त्याच्या जाहीरपत्राबरोबर सबंध कुटुंबाचा पोस्टकार्डाएवढा फोटो लागत असे. गिरणीतली, कारखान्यातली माणसे त्या फोटोसाठी बायकामुलांना नवे कपडे घालून स्टुडिओत नेत. पुष्कळांच्या आयुष्यात घरातली सगळी माणसे एकत्र असलेला तो एकच फोटो असे. कार्डावर असे सगळे कुटुंब मिळून, आणि दवाखान्याच्या खिडकीशी गेले की केसपेपरवर नाव एकाचे. आमच्या योजनेत दीर्घ आजारांची एक यादी आहे, चौतीस आजारांची. तीत मनोविकारही आहेत आणि अशा आजाऱ्याला दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ऐंशी टक्के भत्ता मिळू शकतो. चांगला नियम आहे, मी स्वतः कितीतरी कागद पुढे सरकवले. पण वेड लागले ते कामगाराला, त्याच्या घरात काय चालले आहे हे लिहायला फॉर्मवर रकानाच नव्हता. कधी एखादी बाई खिडकीशी येऊन सांगू लागे की साहेब दारू पितात, सासू अशी करते, मुलगी बोलत नाहीशी झाली. मी म्हणत असे, "बाई, पेशंटचे नाव सांगा."

त्या रात्री आम्ही तिघे गच्चीवर बसलो. घल्याच्या डोंगरावर दिवे लागले होते. प्रश्न असा होता की पेशंट म्हणून कुणाचे नाव द्यायचे. पोराचे द्यावे तर सरळच होते, पोट त्याचे दुखत होते. पण जावई म्हणाले, "आई, त्याच्या नावावर मानसिक आजाराचा कागद एकदा झाला की तो जन्मभर त्याच्या मागे येईल. उद्या कॉलेज, परवा नोकरी. इस्रायलला गेलो तर तिथे विचारतील." लेक म्हणाली, "मग माझे लिहा. मला काय कुठे जायचे आहे?" ह्यावर जावई गप्प झाले. मी म्हटले, माझे लिहा. मी सत्तरीची, मला स्थळे यायची नाहीत. दोघे हसले, कारण मी व्हिजिटर, माझे नाव त्यांच्या पॉलिसीत नव्हतेच. जावयांचे नाव लिहावे असे कुणीच म्हटले नाही. कमावत्या माणसाच्या नावावर असा कागद गेला आणि तो कंपनीत कुणाच्या हाती पडला तर काय होईल, ह्याची धास्ती तिघांनाही होती. ओमानात राहण्याची परवानगी नोकरीला बांधलेली असते. नोकरी गेली की घर, शाळा, सगळेच आवरावे लागते.

शेवटी लेक त्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली आणि माझे निदान लिहून द्या म्हणाली. त्यांनी तिला तासभर तपासले, विचारले आणि शांतपणे नकार दिला. "तुम्ही थकला आहात, दुःखी आहात. पण आजारी नाही. मी खोटे लिहिणार नाही." मला त्या माणसाविषयी आदर वाटला आणि त्याच वेळी तीनशेसाठ रियाल डोळ्यांपुढे आले.

हे असे आमच्याच नशिबी आहे की सगळीकडे हेच आहे, हे पाहावे म्हणून मी फोन हाती घेतला. अश्दोदच्या बहिणीच्या सुनेला मागे असाच त्रास झाला होता. तिथले नियम तिने सांगितले ते वाचकांपैकी निम्म्यांना पाठच असतील, पण जे इस्रायलात नाहीत त्यांच्यासाठी लिहिते. राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा जानेवारी १९९५ पासून अमलात आला आणि प्रत्येक रहिवाशाला चारांपैकी एका कुपात होलिमचे सभासद व्हावे लागले. मनाच्या आजारांची जबाबदारी मात्र पुढे वीस वर्षे आरोग्य मंत्रालयाकडेच राहिली. १ जुलै २०१५ पासून ती कुपातकडे आली. तेव्हापासून बोलण्याचे उपचार हा इतर उपचारांसारखा हक्क झाला, ही मोठी गोष्ट. पण त्यासाठी निदानाचा शब्द लिहावा लागतो, आणि तो शब्द कुपातच्या कागदांत राहतो म्हणून त्या वेळी तिथले मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्याकडे जाणारे लोक ह्यांच्यात पुष्कळ वाद झाला. सुनेला तिच्या कुपातने यादीत घातले आणि पाच महिन्यांनी बोलावले. तोवर नवराबायको दोघे वेगळ्या घरांत राहू लागले होते. "आमच्या इथे पैसे पडत नाहीत, महिने पडतात," बहीण म्हणाली.

न्यू जर्सीला माझा भाचा असतो. त्याची बायको स्वतःच तिथली परवानाधारक मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट आहे. तिने जे सांगितले ते मला नवीन होते. अमेरिकेत पासष्ट वर्षांवरच्यांसाठी आणि काही अपंगांसाठी मेडिकेअर नावाचा सरकारी विमा आहे, कायदा १९६५ चा. मानसशास्त्रज्ञ आणि क्लिनिकल सोशल वर्कर ह्यांना त्याचे दार १९८९ च्या कायद्याने उघडले, पण फॅमिली थेरपिस्टांना उघडले नाही. त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ खटपट केली, डिसेंबर २०२२ मध्ये कायदा झाला, आणि १ जानेवारी २०२४ पासून ते मेडिकेअरला आपले बिल पाठवू लागले. बिलही कसे, तर मानसशास्त्रज्ञाला जे मिळते त्याच्या पंचाहत्तर टक्के. तिच्याकडे एक गृहस्थ सात वर्षे येत होते. ते पासष्टचे झाले, नोकरीचा विमा संपून मेडिकेअर आले, आणि तिला त्यांना हात जोडून दुसरीकडे पाठवावे लागले. ही गोष्ट २०२१ ची. "मामी, तोच माणूस, तीच खुर्ची, तेच दुःख. फक्त त्याचा वाढदिवस झाला," असे ती म्हणाली. मी विचारले, आता तरी सबंध घराचे बिल करता येते ना? ती हसली. घरच्यांना बोलावता येते, पण उपचार मुख्यतः त्या एका विमेदाराच्या आजारासाठी आहे असे दिसले पाहिजे. नवराबायकोचे नुसते पटत नाही हा आजार नव्हे.

तिनेच जर्मनीचे सांगितले. तिथल्या सार्वजनिक विम्याने ही कुटुंबाकडे पाहणारी उपचारपद्धती, जिला ते सिस्टेमिक थेरपी म्हणतात, मोठ्या माणसांसाठी जुलै २०२० पासून घेतली आणि मुलांसाठी २०२४ साली. तज्ज्ञांच्या मंडळाने ती शास्त्रीय म्हणून मान्य केली होती २००८ साली. विम्याच्या दारात यायला बारा वर्षे लागली. मला हे अजिबात नवल वाटले नाही. फाईल आणि कासव ह्यांची शर्यत लावली तर मी कासवावर पैसे लावीन.

आणि आपला भारत? २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखेच विम्याचे संरक्षण द्यावे. पण आपल्याकडचा आरोग्य विमा मुख्यतः इस्पितळात खाट अडवणाऱ्यासाठी आहे. खुर्चीवर बसून बोलणाऱ्याचा खर्च बहुतेक पॉलिसींत त्याचा त्यालाच सोसावा लागतो. गंमत अशी की सबंध घराला बरोबर घेण्याची कल्पना आपल्या देशाला परकी मुळीच नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे डॉक्टर विद्यासागर ह्यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे राहायला बोलावले, त्यांना रुग्णाची देखभाल शिकवली, आणि माणसे घरी लवकर परत जाऊ लागली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही त्याच दशकात रुग्णाबरोबर घरच्यांना ठेवून घेण्याची पद्धत सुरू झाली. बंगलोरच्या निमहान्समध्ये तर कुटुंबांसाठी निराळा विभागच झाला. म्हणजे डॉक्टरांना साठ-सत्तर वर्षांपूर्वी जे उमगले ते विम्याच्या फॉर्मला अजून उमगायचे आहे.

असो. आम्ही रोख पैसे भरून जायचे ठरवले. माझ्या परतीच्या तिकिटाची तारीख पुढे ढकलली, कारण बाईंनी आजीलाही यायला सांगितले होते. मला वाटले, वडीलधारी म्हणून साक्षीला बोलावले असेल.

खुवैरला दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. गुरुवारी रात्रीऐवजी आता शुक्रवारी सकाळी सगळ्यांनी तिथे जायचे. बाईंनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक कागद दिला. घरातल्या माणसांची चार वर्तुळे काढा आणि कोण कुणाशी बोलते त्याच्या रेघा ओढा, म्हणाल्या. मी आपल्या छान सगळीकडे रेघा ओढल्या. पोराने मधोमध स्वतःचे वर्तुळ काढले आणि आई, पप्पा, आजी ह्या तिघांकडून एकेक रेघ आपल्याकडे आणली. आई आणि पप्पांच्या मध्ये काहीच नाही. खाली लिहिले, ‘मी राउटर’. राउटर म्हणजे घरातले वायफायचे ते लुकलुकणारे डबडे, हे मला तिथेच विचारावे लागले.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. जावयांच्या कंपनीचे दुक्मचे काम किती दिवस चालेल ह्याचा भरवसा नव्हता. ते संपले की पुढे कुठे? जावयांचे दोघे भाऊ लोदला, त्यांना तिकडे जायचे होते. लेकीला ठाण्याला परतायचे होते. हा पोरगा अठराचा होण्याआधी जायचे की नंतर, ह्या प्रश्नाचा तर दोघे उच्चारही करीत नसत. तो काय प्रश्न आहे हे आपल्या वाचकांना सांगायला नको. एकदा फार बोलाचाली झाली आणि तेव्हापासून दोघांनी एकमेकांशी बोलणे टाकले. जे काय सांगायचे ते पोरामार्फत. "पप्पांना सांग गाडीचा हप्ता आला आहे." "आईला विचार, फी भरली का." आठवडाभर हे फोनवर चाले, आणि गुरुवारी रात्री दोघे एका छपराखाली आले की ते दोन्हीकडचे निरोप त्याला तोंडाने द्यावे लागत, आणि कुठला निरोप गाळायचा हेही त्यालाच ठरवावे लागे. चौदा वर्षांच्या पोराच्या पोटात दुखणार नाही तर काय होईल!

एवढे ऐकून मी लेकीकडे जरा कडक नजरेने पाहिले. तेव्हा बाईंनी माझ्याकडे वळून विचारले, "आजी, तुम्ही ठाण्याहून फोन करता तेव्हा कुणाच्या फोनवर करता?" मी म्हटले, नातवाच्या, तो लगेच उचलतो. "आणि काय बोलता?" मी सांगू लागले आणि सांगता सांगता थांबले. कारण मी दर आठवड्याला त्याला म्हणत असे, आईला सांग पप्पांचे डोके फिरवू नकोस. पप्पांना विचार, काही ठरले का. आणि लेक ठाण्याला परतायचे म्हणत होती ते कुणामुळे? मी तिथे एकटी आहे म्हणून. मी मागे एकदा जिन्यात पाय घसरून पडले होते, ते मी कुणाला सांगू नकोस म्हणून फक्त नातवाला सांगितले होते. त्याने ते सांगितले आईला, आणि पप्पांपासून लपवले. त्या खोलीत हे जावयांना प्रथम कळले. ते मला म्हणाले, "आई, हे मला का नाही सांगितले?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी साक्षीदार म्हणून गेले होते, आणि तिथे कळले की केसपेपर माझाही होता.

आठ बैठका झाल्या, दोनशेचाळीस रियाल झाले. मग शाळेच्या फीची तारीख आली आणि आम्ही थांबलो. बाई म्हणाल्या होत्या की आणखी चार तरी हव्यात, त्यांतल्या दोन फक्त नवराबायकोच्या. त्या राहिल्या त्या राहिल्याच.

पोराचे दुखणे पुष्कळ कमी झाले. गेले असे मी लिहिणार नाही, परीक्षेच्या सुमारास दोनदा उठले होते. आता बुधवारी रात्री जावई दुक्महून लेकीच्या फोनवर फोन करतात आणि त्या वेळी पोराने खोलीत थांबायचे नाही असा नियम आहे. दोघे भांडतात, चांगले मोठ्याने. मी तिथे होते तेव्हा मला ते ऐकवत नसे, पण पोरगा शेजारच्या खोलीत डाराडूर झोपलेला असे. लोद की ठाणे हे अजून ठरलेले नाही. मी आता फोन जावयांना करते. पहिल्या वेळी आम्हां दोघांनाही काय बोलावे ते सुचेना, म्हणून हवामानावर बोललो. बौशरला त्या दिवशी त्रेचाळीस अंश होते.

एक विनंती करून लेख पुरा करते. आपले लोक आता अश्दोद, लोद, दिमोना, बीरशेवा, टोरांटो, लंडन, सिडनी असे सगळीकडे आहेत. ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल त्यांनी कृपा करून संपादकांकडे चार ओळी लिहून पाठवाव्यात. तुमच्या कुपातने किंवा विम्याने घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून केलेल्या उपचारांचे पैसे दिले काय, किती बैठकांचे दिले, किती महिने थांबावे लागले, आणि फॉर्मवर पेशंट म्हणून कुणाचे नाव घातलेत. आपले नाव छापू नये असे वाटत असल्यास तसे वर लिहावे.

— एक आजी, ठाणे (मुक्काम बौशर)